एका मेजाभोवती

'को-वर्किंग'चा इतिहास सांगणारे २००५ साल सांगतात. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्गने आठवड्यातून दोन दिवस एक जागा घेऊन एकएकट्याने काम करणाऱ्यांना शेजार दिला. २०१० मध्ये न्यूयॉर्कात 'वुईवर्क' निघाली, शेजाराचा धंदा झाला. २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, ते असो.

मला १९२८ आठवते. लोअर परळला, गिरणीच्या जुन्या आवारात, अशाच एका कचेरीत मी भाच्याला भेटायला गेलो होतो. लांबलचक मेज, कुणीही कुठेही बसावे. माझे आजोबा याच भागातल्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव. का? धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. आमची थुंकी लागली की शेजारचा सवर्ण साचेवाला बाटे! ते कापड नेसणारा मात्र बाटत नव्हता. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मज्जाव उठवण्याची मागणी लावून धरली. संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुषीनेच मागण्यांत घातली. मालकांनी हात झटकले : हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. दुर्दैवाने त्यात तथ्य होते. बंदी कामगारांनीच कामगारांवर घातलेली होती.

भाचा म्हणाला, "मामा, इथं जात कुणी विचारत नाही."

"संडास धुणाऱ्या बाया या मेजावर जेवतात?"

तो जिन्याकडे बघू लागला. तिथे पायरीवर दोघी डबा सोडून बसल्या होत्या.