अष्टा-चंगा ते ब्राउझरमधले खेळ : मजा कशात, चीड कशाची?



आपल्या ग्रुपवर बिरसा, बैहर, मलाजखंडच्या आठवणी नेहमी येतात. आठवडी बाजार, शाळा, तांब्याची खाण सुरू झाली ते दिवस, सगळं येतं. खेळांबद्दल मात्र कोणी फारसं लिहीत नाही. आणि नातवंडं मोबाइल-कॉम्प्युटरवर खेळताना दिसली की आपण एकच वाक्य बोलतो, "आमच्या वेळी असं नव्हतं." खरंच नव्हतं का, हे जरा हिशेबाने बघू. कॉमर्सचा माणूस असल्यामुळे आकडे येतील, सांभाळून घ्या.

१९५६ पर्यंत आपला बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते. पुढे राज्यं वेगळी झाली, घरातले खेळ काही वेगळे झाले नाहीत. त्यातला पहिला मान अष्टा-चंगाला. पाच बाय पाच, म्हणजे पंचवीस घरांचा पट, ओसरीवर खडूने नाहीतर कोळशाने आखायचा. चार कवड्या. त्या नसल्या तर चिंचोके एका बाजूने दगडावर घासून पांढरे करायचे. चारही उताण्या पडल्या की चंगा म्हणजे चार, चारही पालथ्या पडल्या की अष्टा म्हणजे आठ, आणि दोन्हीला परत दान. फुलीच्या घरात सोंगटी सुरक्षित. शिवाय समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत प्रवेश नाही.

आता याचं गणित बघा. चार कवड्या पडण्याच्या एकूण १६ तऱ्हा. त्यात दोन उताण्या आणि दोन पालथ्या अशा ६, म्हणून दोनचं दान सारखं पडतं. चंगा १६ त एकदा आणि अष्टाही १६ त एकदा. कवडी दोन्ही बाजूंना सारखी पडते असं धरलं, तर साधारण आठ दानांत एकदा परत दान मिळतं. फार वेळा नाही, फार क्वचितही नाही. दान नशिबाचं, पण कोणती सोंगटी चालवायची ते आपल्या डोक्याचं. आणि मारल्याशिवाय आत जाता येत नाही, म्हणून कोणी कोपऱ्यात अंग चोरून बसूच शकत नाही. हा नियम ज्याने केला त्याचं नाव इतिहासात नाही, पण माणूस हुशार होता.

याच्या उलट मोक्षपट, आपली सापशिडी. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. जुन्या वैष्णव पटांवर ७२ घरं असत आणि ६८ व्या घरात वैकुंठ. पुण्याच्या घरातून शिडी, पापाच्या घरात साप. यात खेळणाऱ्याला निवड कसलीच नाही, दान पडेल तिथे जायचं. लहान मुलांना मजा येते, मोठ्यांना दोन डावांत कंटाळा येतो. पण तो पट मनोरंजनापेक्षा शिकवणीसाठी होता. इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास तो आपल्या बाजारात आणला तेव्हा पाप-पुण्याचा आपला अर्थ गळून गेला, साप आणि शिड्या तेवढ्या उरल्या.

पचिसीचंही तेच झालं. कवड्यांच्या जागी एक फासा आला आणि १८९६ मध्ये इंग्लंडात 'लुडो' नावाने पेटंट झालं. सव्वाशे वर्षांनी तोच लुडो फिरून आपल्याकडे आला. 'लुडो किंग' हा खेळ २०१६ चा, बनवणारी कंपनी नवी मुंबईची. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शनवर रामायण आणि हातात लुडो, असं कितीतरी घरांत चाललं होतं.

तेव्हा घरोघरी एक तक्रार ऐकू येई, "हा मोबाइल मुद्दाम सहा देत नाही!" मी कागद-पेन घेऊन बसलो. सहा पडल्याशिवाय गोटी सुटत नाही. सलग दहा फेऱ्यांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता शंभरात सुमारे सोळा. चार जण खेळत असतील, तर चौघांपैकी निदान एक जण दहा फेऱ्या नुसता बघत बसेल, असे निम्मे डाव निघतात! यात मोबाइलची लबाडी असायलाच हवी असं नाही, मूळ नियमच तसा आहे. ओसरीवर हेच व्हायचं, पण फासा आपल्या हाताने टाकलेला असे, म्हणून दोष नशिबाला जाई. यंत्राने फासा टाकला की संशय यंत्रावर. चीड बहुतेक वेळा हरण्याची नसते. आपल्या हातात काहीच नव्हतं, याची असते.

आता कॉम्प्युटर. बँकांत यंत्रं आली तेव्हा बऱ्याच जणांचा हात माउसवर बसला तो पत्त्यांच्या सॉलिटेअरने. हा खेळ १९९० पासून विंडोजमध्ये होता, १९९२ मध्ये सुरुंगांचा माइनस्वीपर आला. माइनस्वीपर मला फार आवडे. पण सगळं डोकं लावून शेवटी दोनच घरं उरतात, कुठल्यात सुरुंग आहे ते कळायला मार्ग नसतो, आणि अंदाज चुकला की सगळं फुकट. वार्षिक हिशेब पुरा जुळवून शेवटी नाणेफेक करून सही करायची, तशातला प्रकार.

मग इंटरनेट आलं आणि ब्राउझरमध्येच खेळ उघडू लागले. काही विकत घ्यायचं नाही, काही भरून घ्यायचं नाही, पान उघडलं की खेळ सुरू. यातले बहुतेक खेळ फ्लॅश नावाच्या तंत्रावर चालत. मुंबईत गेम्स२विन आणि २००६ मध्ये आलेली रिलायन्सची झपाक यांनी आपल्याकडे ही हवा पसरवली. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून मुलं क्रिकेट खेळत. पुढे अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं, आणि ज्यांचं बालपण त्या खेळांत गेलं त्यांचे खेळ एका रात्रीत उघडेनासे झाले. काही हौशी लोकांनी त्यातले पुष्कळ जपून ठेवले आहेत. आपल्या कवड्या अडगळीत गेल्या, तशीच ही गोष्ट. त्या पिढीला हसू नका.

२००९ मध्ये फेसबुकवर फार्मव्हिल आलं. ऐन भरात ते महिन्याला ८ कोटींहून जास्त लोक खेळत. पीक पेरा, ठरल्या वेळी येऊन कापा, नाहीतर वाळून जाईल. आपल्याकडे खरी धानाची शेती असणारे लोक रात्री उठून खोटं पीक कापू लागले! २०१२ च्या कँडी क्रशने याच्या पुढची पायरी गाठली. पाच 'जीव' संपले की प्रत्येक नव्या जीवासाठी अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे द्या. इथून खेळाचा स्वभाव बदलला. आधी चीड खेळातून यायची, आता ती मुद्दाम तयार करून विकायला ठेवली जाऊ लागली.

चांगलं उदाहरणही देतो. २०१४ मध्ये गॅब्रिएले चिरुली नावाच्या १९ वर्षांच्या इटालियन मुलाने '२०४८' हा आकड्यांचा खेळ शनिवार-रविवारच्या सुट्टीत बनवला आणि सगळ्यांना फुकट दिला. सारखे आकडे एकमेकांवर सरकवून दुप्पट करायचे, एवढंच. हरलो तर आपल्याच चालीने हरलो हे दिसतं. वर्डल (२०२१) दिवसाला एकच कोडं देतं. झालं, उद्या या. खेळाला शेवट असतो, हे त्याला कळलं.

आणि आपल्या बिरसाचा खरा लोकप्रिय ब्राउझर-खेळ कोणता? क्रोममधला डायनासोर! तोही २०१४ चाच. नेट गेलं की पडद्यावर येतो, एक बटण दाबून निवडुंगांवरून उड्या मारत पळायचं. आपल्याकडे पावसाळ्यात नेट जायला निमित्त लागत नाही, त्यामुळे सराव उत्तम. वेग हळूहळू वाढतो, पडलो तर चूक आपली, पुन्हा सुरू करायला क्षणही लागत नाही. जाहिरात नाही, पैशाची मागणी नाही. अष्टा-चंगाच्या कुळातलाच म्हणायचा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. ओळखीतल्या एका घरून मुलाच्या खात्याचा उतारा माझ्याकडे वाचायला आणला होता. ५०, १००, २०० अशा नोंदींनी पानं भरलेली. मधे एखादी ८० ची जमा, की लगेच पुन्हा चार खर्च. मी फक्त बेरीज करून दिली. धान विकून आलेल्या पैशातला मोठा वाटा गेला होता. मुलगा म्हणाला, "काका, हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे." लुडोबद्दल नेमका हाच वाद २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही गेला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. कायदा झाला, बरं झालं. पण कायदा प्रत्येक घरात बसून लक्ष ठेवणार नाही.

म्हणून नातवंडांना "खेळू नका" म्हणण्याऐवजी चार प्रश्न विचारायला शिकवा. हरलो तर का हरलो ते कळतं का? डाव कधी संपतो? मी थांबलो तर खेळ मला ओढून परत बोलावतो का? आणि खेळाचं पोट कोण भरतं? चारही उत्तरं सरळ आली तर खुशाल खेळू द्या, आपणही शेजारी बसा.

जाता जाता एक काम. अष्टा-चंगाचे नियम घरोघरी थोडे वेगळे होते. कुठे फुलीची घरं जास्त, कुठे सोंगटी सुटायला अष्टाच लागे. तुमच्या घरचे नियम, आजीच्या तोंडचे दानांचे शब्द, आठवतील तसे लिहून टाका. फ्लॅशचे खेळ जपायला लोक होते. आपले आपणच जपायचे आहेत.