गडचिरोलीच्या आरोग्यदूत

आरोग्य केवळ औषधाच्या बाटलीत नसते. ते घर, रस्ता, चालीरीती आणि शिक्षण यांवरही अवलंबून असते. आपल्या शेजारचाच इतिहास याची साक्ष देतो.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. १९८६ पासून डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथे कार्य आरंभिले. त्या काळी बहुतेक बाळंतपणे घरीच होत. पावसाळ्यात नाले भरले की वाटा बंद पडत. बाळंतिणीने व तान्ह्या बाळाने घराबाहेर पडू नये, अशी रीतही होती. दवाखाना असूनही आजारी बाळ तेथवर पोहोचत नसे. दर हजार जन्मांमागे सुमारे ६० बालके महिन्याच्या आतच दगावत.

बाळ दवाखान्यात येत नाही, तर उपचारच घरी न्यावेत, असे ठरले. १९९५ मध्ये ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकविण्यास आरंभ झाला. बाळाला ऊब देणे, गुदमरल्यास श्वास देणे, जंतुदोष झाल्यास इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. तीन वर्षांत, इतर गावांच्या तुलनेत, नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. २०११ मध्ये भारत सरकारने ही पद्धत आशा सेविकांमार्फत देशभर स्वीकारली.

पालकहो, या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या; त्यांचे शिक्षण पाचवी ते दहावी एवढेच होते. मुलीची शाळा अर्ध्यावर सोडविण्यापूर्वी हे अवश्य आठवावे. तिच्या हातची पाटी उद्या एखाद्या बाळाचा जीव वाचवील.