पनवेलच्या नाक्यावर : गाडीच्या चाकापासून ध्वनितारांपर्यंत

घाटावरून कोकणात उतरणाऱ्या मालाला आणि मुंबईहून देशावर चढणाऱ्या माणसाला जेथे आपले वाहन बदलावे, दुरुस्त करावे किंवा निदान एकवार तपासून घ्यावे लागे, ते पनवेल सरकारी दप्तरांत बंदर म्हणून जितके नोंदलेले आहे, तितकेच ते चाकांचे गाव म्हणूनही नोंदलेले आहे. इंग्रजी अमलातील गॅझेटिअरकारांनी येथील उद्योगांचा आढावा घेताना गाडीची चाके घडविण्याच्या धंद्याला अग्रस्थान दिले, आणि देशावरून आलेला प्रत्येक गाडीवान परतताना येथील चाकांची एक जोडी नेण्याची खटपट करतो, अशा आशयाची नोंद करून ठेवली. या अल्पाक्षरी नोंदीत एका संपूर्ण परंपरेचे बीज आहे, असे मला वाटते. आपली विजेवर धावणारी मोटार घेऊन आज जो गृहस्थ तिच्यातील ध्वनियंत्रणा सुधारून घेऊ पाहतो, आणि त्यासाठी वेगळ्या विकत मिळणाऱ्या तारांच्या तयार जुडग्याची, म्हणजे कारागीर ज्याला ‘हार्नेस’ म्हणतात त्याची चौकशी करतो, तो त्या गाडीवानाचाच दूरचा वंशज होय.

या परंपरेचा उगम रस्त्यात आहे. मुंबईहून खाडीमार्गाने येणारी गलबते पनवेलच्या बंदरात लागत आणि तेथून पुढचा प्रवास बोरघाटाने होई. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८३० साली हा घाट चाकाच्या वाहनांसाठी रीतसर खुला झाला, आणि ओझ्याच्या बैलांची व पालख्यांची मक्तेदारी संपून गाड्यांचे युग सुरू झाले. घाट चढणे हे बैलांच्या बळाचे काम असले, तरी घाट उतरणे ही चाकाची परीक्षा असते. दगडधोंड्यांवर आदळत, भाराने एका अंगाला कलत खाली आलेल्या गाडीचे आरे तुंब्यात खिळखिळे होत, लोखंडी धाव सैल पडे, आणि परतीचा चढ त्याच चाकांवर चढणे धोक्याचे ठरे. मागणी अशी रस्त्यानेच निर्माण केली, आणि पनवेलच्या सुतार-लोहारांनी ती पुरविली.

त्या कारागिरीतील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. चाक हे गाडीचे अंग असले तरी ते गाडीपासून अलग करता येते. तुंबा, आरे आणि बाहेरील वर्तुळाचे लाकडी तुकडे हे एकमेकांत बसवावयाचे, वरून तापवून लाल केलेली धाव चढवावयाची आणि पाणी ओतताच ती आकुंचन पावून सगळा सांगाडा आवळून धरील, अशी योजना करावयाची. मात्र हे सिद्ध झालेले चाक कण्यावर चढवून केवळ एका खिळीच्या आधाराने स्थिर करावयाचे. गाडी जुन्नरच्या सुताराने बांधलेली असो वा बारामतीच्या, तिचा मूळ सांगाडा न कापता, न तासता पनवेलचे चाक तिला बसे. परक्याच्या हातच्या वस्तूत आपली वस्तू अशी जोडावी की मूळ वस्तूला इजा होऊ नये आणि जोड केव्हाही सोडविता यावी, हा त्या धंद्याचा अलिखित शिरस्ता होता. पुढील सगळे विवेचन याच शिरस्त्याभोवती फिरणार आहे.

या भरभराटीला ओहोटी लागली ती आगगाडीमुळे. १८५३ साली लोहमार्ग ठाण्यापर्यंत गेला, १८५६ साली खोपोलीस पोहोचला, आणि १८६३ साली बोरघाटातील अवघड काम पुरे झाल्यावर मुंबई-पुणे हा प्रवास पनवेलला न शिवता होऊ लागला. १८५२ साली जेथे नगरपालिका स्थापन झाली, त्या या उद्यमशील गावाचे बंदर हळूहळू निस्तेज झाले. परंतु रस्ता मेला नाही, तो केवळ निजला होता. विसाव्या शतकात मोटारींनी त्याला जागे केले. मुंबई-पुणे महामार्ग आणि गोव्याकडे जाणारा कोकणचा महामार्ग यांचा संगम पनवेललाच झाला, शेजारच्या कळंबोलीत लोखंडाचा बाजार वसला, ट्रकांचे तळ पडले, आणि नाक्यानाक्यावर पंक्चर काढणारे, पाटे बदलणारे व बॅटरी-वायरिंगचे काम करणारे कारागीर बसले. सुतार-लोहारांची जागा आता वायरमनने घेतली.

मोटारीत ध्वनी आला तो पाश्चात्य देशांत. शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंनी १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. त्या काळच्या काचनळ्यांच्या रेडिओला शेकडो व्होल्टांचा दाब लागे, मोटारीची बॅटरी मात्र सहा व्होल्टांची असे. म्हणून कंपन पावणाऱ्या एका स्विचच्या साहाय्याने दाब वाढवून घेण्याचा खटाटोप करावा लागे. ट्रान्झिस्टर आल्यावर ही अडचण दूर झाली. आपल्याकडे १९३३ च्या कायद्यानुसार रेडिओ बाळगण्यास परवाना आवश्यक होता, आणि तो टपाल कचेरीतून शुल्क भरून घ्यावा लागे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे ज्या फियाट गाड्या निघू लागल्या, त्यांत रेडिओ ही सामान्यतः मालकाने आपल्या हौसेने नंतर बसवून घ्यावयाची वस्तू होती. १९६७ च्या नोव्हेंबरात विविध भारतीची व्यापारी सेवा मुंबई, पुणे आणि नागपूर येथून सुरू झाली. मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही टोकांना त्यामुळे गाण्यांचा अखंड पुरवठा झाला, हा योगायोग मोटारीच्या रेडिओला चांगलाच मानवला असला पाहिजे.

त्यानंतर कॅसेटचे युग आले, आणि येथे या इतिहासातील एक दुःखद प्रकरण सुरू होते. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली गाडी रस्त्यावर आली, मध्यमवर्गाच्या दारी मोटार उभी राहू लागली, आणि गाडी घरी येताच तिच्यात ‘डेक’ बसविणे हा जणू वास्तुशांतीसारखा विधी होऊन बसला. परंतु तो बसविण्याची रीत अत्यंत निर्दय होती. मूळ तारांचे जुडगे उघडावयाचे, हवी ती तार चिमट्याने छाटावयाची, दातांनी सोलावयाची, डेकच्या तारेशी पीळ घालून जोडावयाची आणि वरून काळी फीत गुंडाळावयाची, एवढ्यात काम संपे. कोकणच्या दमट हवेत त्या फितीचा डिंक दोनेक पावसाळ्यांत सुटे, तांब्यावर हिरवी पुटे चढत, जोडाचा अवरोध वाढून तो तापू लागे, आणि क्वचित दोन उघड्या तारा भेटून फ्यूज उडे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी जाड तार घालणारे महाभागही होतेच. ज्यांनी हे काम केले त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या हाती ना नकाशे होते ना योग्य साधने, आणि प्रत्येक कंपनीचे जोड निराळे होते. तरीही चाक बसवून कण्याला धक्का न लावणाऱ्या त्या जुन्या शिरस्त्याचा विसर पडला होता, हे खरे.

त्या शिरस्त्याचे पुनरुज्जीवन ज्या क्षुद्र दिसणाऱ्या वस्तूने केले, ती म्हणजे प्लॅस्टिकचा कपलर. मोटारीच्या रेडिओमागील जोडांना आंतरराष्ट्रीय प्रमाण लाभले. धंद्यात तारांचा रंगसंकेत रूढ झाला. पुढचा डावा कर्णा पांढऱ्या तारेचा, पुढचा उजवा करड्या, मागचा डावा हिरव्या आणि मागचा उजवा जांभळ्या तारेचा, आणि ज्या तारेवर काळी रेघ ती ऋण, एवढे पाठ असले की अनोळखी यंत्रही वाचता येते. १९८६ साली सुमितोमो या जपानी कंपनीशी भागी करून मदरसनने तारांच्या जुडग्यांचे उत्पादन देशात वाढविले, आणि गाडीच्या कारखान्यात जे जुडगे बसते त्याच घाटाचे कपलर असलेले दुय्यम हार्नेस बाजारात मिळू लागण्यास यथाकाल अनुकूल परिस्थिती निर्माण झाली. आता कारखान्याचा कपलर उपटावयाचा, मधोमध नवे जुडगे घालावयाचे, आणि त्यातून निघालेल्या फाट्याला ॲम्प्लिफायर जोडावयाचा. एकही तार छाटावी लागत नाही. गाडी विकताना जुडगे काढून मूळ कपलर एकमेकांत सारले की कारखान्यातून आली तशी गाडी पूर्ववत होते.

विजेच्या मोटारीत या पद्धतीचे महत्त्व शतपटीने वाढले आहे, आणि त्याची कारणे यंत्राच्या घडणीत आहेत. टाटांची नेक्सॉन ईव्ही २०२० च्या जानेवारीत बाजारात आली, तेव्हापासून मुंबई-पुणे मार्गावर अशा गाड्या वाढत गेल्या. त्यांतील पडद्याकडे संगीताबरोबर गाडीच्या इतर अनेक व्यवस्थाही सोपविलेल्या असतात. जुन्या डेकप्रमाणे तो सहजासहजी काढून दुसरा बसविता येत नाही. म्हणून मूळ यंत्र जागच्या जागी ठेवून कर्ण्याकडे जाणाऱ्या तारांतूनच ध्वनिसंकेत घ्यावा लागतो, आणि तो घेण्याचा निर्धोक मार्ग म्हणजे हार्नेस. गाडीचे अवयव ज्या संदेशवाहिनीने परस्परांशी बोलतात, ती बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केलेली ‘कॅन’ पद्धती होय. अंदाजाने कोठेतरी तार छाटल्यास तिच्यात व्यत्यय येऊन भलत्याच दोषाचा दिवा लागू शकतो.

शिवाय अशा गाडीत विजेचे दोन संसार नांदतात. चाके फिरविणारी मोठी बॅटरी शेकडो व्होल्टांची असते आणि तिच्या तारांना नारिंगी वेष्टन असते. त्यांना कोणत्याही ध्वनिकारागिराने स्पर्श करू नये, हा नियम निरपवाद आहे. ध्वनियंत्रणा सामान्यतः चालते ती दुसऱ्या, बारा व्होल्टांच्या लहान बॅटरीवर. पिवळ्या वेष्टनाच्या तारा दिसल्या तर त्या हवाउशांच्या समजाव्यात, आणि ट्वीटरची, म्हणजे उंच स्वराच्या लहान कर्ण्याची, जागा पुष्कळदा त्या तारा जेथून जातात त्या काचेलगतच्या खांबांच्या आसपास असल्याने तेथे हात विशेष जपून घालावा. जो कारागीर काम सुरू करण्यापूर्वी बारा व्होल्टांच्या बॅटरीचे ऋण टोक सोडवितो आणि काही वेळ थांबतो, त्याच्यावर मी निःशंक विश्वास टाकीन.

संगीताने गाडीचा पल्ला घटेल, ही भीती मात्र निराधार आहे. सरासरी ५० वॅटचा खर्च धरला तरी तासभराच्या श्रवणाला एका युनिटचा विसावा भाग लागतो. नेक्सॉनच्या पहिल्या आवृत्तीत बॅटरी ३०.२ युनिटांची होती. खरी चिंता निराळी आहे. गाडी बंद ठेवून मोठा ॲम्प्लिफायर वाजविल्यास भार एकट्या लहान बॅटरीवर पडण्याचा संभव असतो, आणि ती उतरली म्हणजे मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

इंजिनाचा आवाज नाहीसा झाल्याने कानाची अपेक्षाही बदलली. पूर्वी जो घोंगावणारा पडदा सर्व उणिवा झाकीत असे, तो दूर होताच दरवाज्याच्या पत्र्याची थरथर, प्लॅस्टिकची कुरकुर आणि टायरांचा घोष स्पष्ट ऐकू येऊ लागतो. म्हणून जाणता कारागीर कर्णे बदलण्याआधी दरवाज्याचे पॅड उतरवून आतील पत्र्यावर डॅम्पिंगचा थर देतो, कारण दरवाजा हीच त्या कर्ण्याची पेटी असते. शांततेचा प्रश्न गाडीबाहेरही आहे. बैलगाडीच्या काळी बैलांच्या गळ्यातील घुंगूरमाळा पादचाऱ्याला अंधारात सावध करीत. निःशब्द विद्युत्-वाहनाने मंदगतीत कृत्रिम आवाज करावा, असा दंडक युरोपने २०१९ पासून नव्या नमुन्यांना लावला, त्यामागील गरज तीच आहे. तो आवाज करणारा बाहेरचा कर्णा हौसेखातर बंद करण्याचा मोह कोणी धरू नये.

बैलगाडीला आज द्रुतगती मार्गावर मज्जाव आहे, आणि तो मार्ग कळंबोलीपासून, म्हणजे पूर्वीच्या चाकांच्या गावाच्या वेशीपासूनच सुरू होतो. गॅझेटिअरकारांनी चाकांची कीर्ती नोंदविली, पण ती घडविणाऱ्यांपैकी एकाचेही नाव लिहून ठेवले नाही; कोणत्या लाकडाचा तुंबा ते पसंत करीत, धावेसाठी लोखंड कोठून आणीत, जोडीला किती दाम घेत, हे त्या नोंदीवरून कळत नाही. तसे पुन्हा घडू नये म्हणून २०१६ साली महानगरपालिका झालेल्या या शहराने किंवा येथील वाचनालयांनी आजच्या वायरमन मंडळींपाशी बसून त्यांचे ज्ञान लिहून घ्यावे. कोणत्या गाडीचा कपलर कसा सुटतो, कोणती खाच मोडते, पावसाळ्यात कोणता जोड प्रथम दगा देतो, हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि छाटलेल्या तारांच्या काळात ज्यांनी हे काम आरंभिले त्यांपैकी पुष्कळ जण आता वृद्ध झाले आहेत.