नवजात बालकांचे न थांबणारे जुलाब : दुर्मीळ आनुवंशिक आंत्रविकारांची ओळख

बालकांना होणारे बहुतेक जुलाब जंतुसंसर्गामुळे होतात. जलसंजीवनी, जस्त आणि स्तनपान यांच्या आधारे ते काही दिवसांत आटोक्यात येतात. मात्र जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वा आठवड्यांत सुरू होऊन १४ दिवसांहून अधिक काळ टिकणाऱ्या जुलाबांमागे क्वचित आतड्याचाच आनुवंशिक दोष असतो. असे विकार अत्यंत दुर्मीळ असले, तरी त्यांपैकी काहींवर साधा उपचार उपलब्ध आहे. वेळेत निदान होणे एवढेच त्यासाठी आवश्यक असते.

निदानाची पहिली पायरी

रुग्णालयात बालकाला शिरेवाटे द्रव देऊन दूध काही काळ थांबवले जाते. जुलाब थांबले, तर अन्नघटक शोषण्यात दोष असण्याची शक्यता असते. ते सुरूच राहिले, तर आतडे पाणी व क्षार बाहेर टाकत असल्याचे मानले जाते. ही तपासणी घरी करणे धोक्याचे आहे.

प्रमुख विकार

ग्लुकोज-गॅलॅक्टोज अपशोषण या विकारात या दोन शर्करा आतड्यात वाहून नेणारे प्रथिन निकामी असते. जलसंजीवनीतील ग्लुकोज याच प्रथिनाच्या साहाय्याने पाणी शोषून घेण्यास मदत करते. त्यामुळे एरवी प्राण वाचवणारे हे द्रावण आणि आईचे दूधही या बालकांचे जुलाब वाढवते. फ्रुक्टोजयुक्त विशेष आहार सुरू केल्यावर प्रकृती लवकर सुधारते.

जन्मजात क्लोराइड अतिसाराचे वर्णन प्रथम १९४५ मध्ये झाले. यात गर्भजल प्रमाणाबाहेर वाढते आणि जन्मानंतरचे पाण्यासारखे शौच अनेकदा लघवी समजले जाते. सोडियम व पोटॅशियम क्लोराइड आयुष्यभर दिल्यास मूल चांगले वाढू शकते.

सूक्ष्मांकुर समावेशन विकारात आतड्याच्या पेशींवरील सूक्ष्म अंकुरांची रचना बिघडते. अशा बालकांना दीर्घकाळ शिरेवाटे पोषण द्यावे लागते. काहींना आतड्याच्या प्रत्यारोपणाची गरज भासते. ‘आयपेक्स’ हा विकार प्रामुख्याने मुलग्यांत आढळतो. त्यात जुलाबांसोबत मधुमेह व त्वचेवर इसब दिसतो. इंटरल्युकिन-१० ग्राहकाच्या दोषात रक्तमिश्रित शौच आणि गुदद्वाराजवळ गळू होतात. शेवटच्या या दोन्ही विकारांत अस्थिमज्जा प्रत्यारोपण उपयुक्त ठरू शकते.

कौटुंबिक इतिहासाचे महत्त्व

यांतील बहुतेक विकारांत आईवडील दोघेही निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक गर्भारपणात बाळ बाधित होण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यातील विवाहांत हा धोका वाढतो. आधीचे मूल जुलाबांनी दगावले असल्यास ती माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. जनुकीय दोष निश्चित झाल्यास पुढील गर्भारपणात गर्भाची तपासणी शक्य होते.

उपचारांची वाट

मध्य प्रदेशातील जबलपूरजवळच्या पनागरसारख्या छोट्या शहरातील कुटुंबाला जनुकीय तपासणीची सोय घराजवळ मिळणे कठीण असते. मात्र संशय घेऊन बालकाला वेळेत पुढे पाठवण्याचे काम स्थानिक डॉक्टर करू शकतात. जबलपूरचे नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय हा तेथील मोठा सरकारी आधार आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार उत्कृष्टता केंद्रे निश्चित करण्यात आली असून मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे. धोरणात समाविष्ट आजारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे.

जुलाब झालेल्या बालकाला जलसंजीवनी देणे हाच नियम कायम आहे. ती नियमित देऊनही नवजात बालकाचे जुलाब वाढत असतील, वजन घटत असेल किंवा लघवी कमी होत असेल, तर तातडीने बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.