कार्यानुभवाचा तास आला कुठून?

आपल्या वेळापत्रकात 'कार्यानुभव' नावाचा एक तास असायचा. मेणबत्त्या, खडू, कागदी पाकिटं आणि बोटांना चिकटलेली खळ एवढीच त्याची आठवण बहुतेकांना असेल. गणिताचा पोर्शन मागे राहिला की पहिला बळी याच तासाचा जायचा. स्मरणिकेसाठी समितीने आठवणी मागवल्या आहेत, पण मी थोडा इतिहास लिहिते आहे. कारण या तासामागे एक मोठं भांडण आहे. मुलांनी शाळेत वस्तू बनवाव्यात की नाही, याबद्दल फारसा वाद नव्हता. बनवलेली वस्तू विकायची का, आणि पैशाचा हिशेब मुलांनी शिकायचा का, हा खरा वाद होता.

भांडणाचं गाव वर्धा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली. प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं नुकतीच आली होती. दारूबंदी करायची तर अबकारीचं उत्पन्न जाणार, आणि शाळांचा खर्च बऱ्याच अंशी त्याच उत्पन्नावर चालायचा. म्हणजे बापाने दारू प्यायची तेव्हा मुलाची शाळा चालणार! यावर गांधीजींचा तोडगा असा की सात वर्षांचं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतलं शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती बांधायचं. मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा आणि तो माल सरकारने घ्यावा.

परिषदेत अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी याला विरोध केला. शाळेला कच्चा माल आणि गिऱ्हाईक दोन्ही सरकार पुरवणार असेल, तर गावातल्या गरीब कारागिराने तिच्याशी स्पर्धा कशी करायची? शिवाय पगार मुलांच्या कामातून काढायचा म्हटलं की शाळेत एक प्रकारची गुलामी येईल, हीही भीती त्यांनी बोलून दाखवली. मला हा आक्षेप आजही वजनदार वाटतो. ज्यांच्या समितीने पुढे या योजनेचा अभ्यासक्रम तयार केला, त्या झाकिर हुसेन यांनाही धोका दिसत होता. पैशाची बाजू वरचढ झाली तर शिक्षण मागे पडेल, असा इशारा समितीच्या अहवालातच आहे. तरी साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटं दिली गेली.

प्रत्यक्षात भीती होती त्याच्या उलटंच झालं. पैशाची बाजू वरचढ होण्याऐवजी नाहीशीच झाली. टकळीवर सूत निघालं, पण ते कोणाला हवं आहे आणि कितीला पडलं, हे कोणी विचारेना. आपल्याकडे जुन्या प्राथमिक शाळांच्या भिंतींवर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' अशी पाटी अजून दिसते, ती त्या काळाची खूण. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' ही कल्पना मांडली आणि १९७७च्या ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य'. नावात 'उत्पादक' आलं, पण वर्षाअखेरीस वस्तू प्रदर्शनात मांडल्या जायच्या आणि मग कपाटात जायच्या.

याच काळात साताऱ्याकडे वेगळं काही चाललं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. मुलं राबायची आणि त्या कमाईवर शिकायची. पुस्तकांत फार ठळकपणे न येणारी गोष्ट म्हणजे शाळा काढण्याआधी भाऊराव स्वतः किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले होते. गिऱ्हाईक 'नाही' म्हणतं तेव्हा काय करायचं, हे त्या माणसाला ठाऊक होतं. आपल्या शिक्षण आयोगांवर असा फिरता विक्रेता कधी नव्हता!

मला सर्वात जवळचा वाटतो तो पाबळचा प्रयोग. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम होता. वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे सगळं प्रत्येकाने शिकायचं. पुढे हेच आसपासच्या शाळांत आठवी ते दहावीला आठवड्यातून एक दिवस गेलं आणि एस.एस.सी. बोर्डाने त्याला विषय म्हणून मान्यता दिली. मुलं गावासाठी खरी कामं करायची, म्हणजे माती तपासणं, हिमोग्लोबिन तपासणं, वेल्डिंग, वायरिंग. गावकरी पैसे द्यायचे. शिकवायला बहुतेक ठिकाणी गावातलेच कसबी लोक. आणि ड्रॉइंगइतकंच कॉस्टिंगही अभ्यासक्रमात होतं. लोखंड किती लागलं, वाया किती गेलं, मजुरी किती धरली, हे वहीत मांडायचं.

शहांचा आक्षेप इथे बराचसा निकालात निघतो. गावातला कारागीरच शिक्षक असला तर शाळा त्याची स्पर्धक राहत नाही. आणि गिऱ्हाईक सरकार नसून शेजारचा शेतकरी असतो. वाकडं फाटक तो परत पाठवतो. मी इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली, पण आपल्या कामाची किंमत कशी काढायची हे तिथे कोणी विचारलं नाही. पाबळच्या नववीतल्या पोरांना ते विचारलं जात होतं.

हे सगळं आता लिहायचं कारण आपल्या बॅचचा निधी. जुन्या कार्यानुभवाच्या खोलीत कॉम्प्युटर बसवावेत, असा प्रस्ताव आहे आणि माझा व्यवसाय पाहून तो मीच उचलून धरेन असं काहींनी गृहीत धरलं आहे. माझं मत वेगळं आहे. एक कॉम्प्युटर पुरे, तोही हिशेबाला. बाकी पैशांतून एक वेल्डिंग मशीन, ड्रिल, शिलाई मशीन आणि माती तपासणीची पेटी घ्यावी. पहिल्या वर्षाच्या मालाला थोडं खेळतं भांडवल ठेवावं आणि नफा-तोटा मुलांच्याच नावे वहीत उतरवावा. शिकवायला बाहेरून माणसं आणायची गरज नाही. आपल्यातलेच तिघं गावात फॅब्रिकेशन, बेकरी आणि मोटार रिवाइंडिंगची दुकानं चालवतात. त्या तिघांना महिन्यातून दोन शनिवार देता येतील का, हे स्नेहमेळाव्यातच विचारून घेऊ. यंत्रांच्या किमतींचा कागद मी सोबत आणते आहे.