संदेश अडवण्याचा अधिकार : तारेपासून कूटबद्ध निरोपापर्यंत

भारतात विजेच्या तारेने निरोप पाठवण्याचा प्रयोग १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर या मार्गावर झाला, पुढच्या पाच वर्षांत तारांचे जाळे आग्रा, मुंबई आणि मद्रासपर्यंत पोहोचले, आणि हे जाळे उभारणारे, चालवणारे व त्यावर मालकी सांगणारे सरकारच होते. निरोप अडवण्याच्या अधिकारावरून पुढे जो वाद झाला, त्याचे मूळ या मालकीत आहे. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या कलम ५ ने सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास कोणतीही तार रोखण्याची, अडवून ठेवण्याची वा तिचा मजकूर सरकारपुढे उघड करवण्याची मुभा दिली; आणि अशी आणीबाणी खरोखर होती काय, अशी शंका कोणी घेतलीच, तर सरकारच्या सचिवाने सही केलेला दाखला हाच निर्णायक पुरावा मानला जाईल, असेही त्याच कलमात लिहून ठेवले. तारमास्तर सरकारचा नोकर, हुकूम सरकारचा आणि हुकूम योग्य असल्याचा दाखलाही सरकारचाच, अशा या रचनेत तिऱ्हाइताला जागाच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर संविधान आले, तरी हे कलम दोन दशकांहून अधिक काळ जवळजवळ जसेच्या तसे राहिले. १९७२ च्या दुरुस्तीने सचिवाच्या दाखल्याची तरतूद गेली, देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याच्या चिथावणीला प्रतिबंध ही पाच कारणे कलमात आली, आणि हुकुमाची कारणे लेखी नोंदवणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्याचा निकाल दिला. मुंबईच्या मृत्युसमीक्षकावर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, लाच मागितल्याचा आरोप होता. १९६४ मध्ये एका डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी त्याच्या घरच्या टेलिफोनला ध्वनिमुद्रण यंत्र जोडले आणि संभाषण फितीवर उतरवले होते. बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती असल्यामुळे हे मुद्रण बेकायदा नाही आणि ते पुराव्यात घेता येते, असे न्यायालयाने ठरवले. निरपराध नागरिकाच्या टेलिफोनला न्यायालय संरक्षण देईल, अपराध्याला मात्र ते मिळणार नाही, ही त्यातील भूमिका त्या काळी पटणारी होती. पण अपराधी कोण हे फोन ऐकल्यानंतर कळते, ऐकण्यापूर्वी नाही, ही अडचण तिने सोडवली नाही.

ती अडचण १९९१ मध्ये उघड्यावर आली. राजकीय नेत्यांचे फोन ऐकले गेल्याबाबतचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल ‘मेनस्ट्रीम’ या नियतकालिकात छापून आला, त्यावरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग व न्या. सगीर अहमद यांच्या पीठाने टेलिफोनवरील संभाषण हा खासगीपणाचा भाग असल्याचे मान्य केले. हुकूम गृहसचिवाने काढावा, तो दोन महिन्यांपुरता असावा, मुदतवाढ धरूनही सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि प्रत्येक हुकूम पुनर्विलोकन समितीने तपासावा, अशी बंधने निकालाने घातली. अधिनियमाने सरकारला असे नियम करण्याचा अधिकार १८८५ पासूनच दिला होता, शतक उलटून गेले तरी सरकारने तो वापरला नव्हता, म्हणून न्यायालयाला हे काम करावे लागले. मात्र हुकुमापूर्वी न्यायाधीशाची परवानगी घेण्याची मागणी न्यायालयाने फेटाळली. संपूर्ण इतिहासात याहून मोठी संधी हुकलेली नाही.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला, पण त्याच्या कलम ६९ ला आजचे रूप २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मिळाले. हल्लेखोर आणि सीमेपलीकडचे त्यांचे सूत्रधार यांच्यातील बोलणे अमेरिकेतील एका कंपनीच्या इंटरनेट टेलिफोन सेवेतून चालले होते, तपास यंत्रणांनी ते हल्ला सुरू असतानाच मुद्रित केले आणि पुढे खटल्यात ते मोलाचे ठरले. त्यामुळे ऐकण्याची गरज कोणी नाकारू शकत नव्हते. तथापि डिसेंबर २००८ मध्ये संसदेने संमत केलेल्या दुरुस्तीत तार अधिनियमातील सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता ही पूर्वअट घेतली गेली नाही आणि ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ हे कारण नव्याने आले. तारेसाठी ब्रिटिशांनी ठेवलेला उंबरठा संगणकासाठी प्रजासत्ताकाने काढून टाकला, आणि इतका मोठा बदल पुरेशा चर्चेविना झाला, याची खंत वाटावी अशी स्थिती आहे.

तोवर तारेची मालकीही बदलली होती. निरोप आता खासगी कंपन्यांच्या यंत्रणेतून जात होते आणि ते कूटबद्ध, म्हणजे किल्लीविना न उलगडणाऱ्या रूपात, जात होते. इंटरनेट सेवेच्या परवान्यात परवानगीविना चाळीस बिटांपर्यंतच्या, म्हणजे तुलनेने सहज फुटणाऱ्या, किल्लीचीच मुभा होती. रिझर्व्ह बँकेने मात्र २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगसाठी एकशे अठ्ठावीस बिटांची शिफारस केली. ग्राहकाच्या पैशाचे रक्षण करणारी किल्लीच पोलिसांना अडवते, हा पेच या दोन आकड्यांत दिसतो. २०१० मध्ये कॅनडातील रिसर्च इन मोशन या कंपनीच्या ब्लॅकबेरी सेवेला सरकारने ३१ ऑगस्टची मुदत दिली, तेव्हा कार्यालयीन ईमेलच्या किल्ल्या आपल्याकडे नसून त्या ग्राहक कंपन्यांकडे असतात, असे तिने सांगितले. निरोपसेवेपुरता तोडगा म्हणून पुढे मुंबईत सर्व्हर बसवण्यात आला. २०१५ च्या कूटबद्धीकरण धोरणाच्या मसुद्यात नागरिकांनी आपले निरोप साध्या रूपात नव्वद दिवस जपून ठेवावेत अशी अपेक्षा होती, ती टीकेनंतर लगोलग मागे घेतली गेली. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या निरोपसेवांना निरोप सर्वप्रथम कोणी पाठवला हे हुकूम येताच शोधून देण्यास सांगितले, आणि व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. नागरिकाच्या खासगीपणासाठी अशा रीतीने परदेशी कंपनीच न्यायालयात उभी राहिली, आणि तिचा स्वार्थ व नागरिकाचे हित नेहमीच एका दिशेने जातील असे नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, त्याचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातील फोन ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले, कारण पैशाच्या गुन्ह्यातून सार्वजनिक सुरक्षिततेला धोका कसा पोहोचतो हे दाखवता आले नव्हते. मलकानी खटल्यातही आरोप लाचेचाच होता, हे लक्षात घेतले की अर्धशतकातील अंतर कळते. पण असा निकाल मिळण्यासाठी आपला फोन ऐकला गेला हे आधी कळावे लागते, आणि कायदा ते नागरिकाला कळवत नाही. उरते ती पुनर्विलोकन समिती. विदा संरक्षणाच्या प्रश्नावर नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात नमूद केले की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या समितीपुढे प्रत्येक बैठकीत पंधरा ते अठरा हजार हुकूम येतात. एका हुकुमाला एक मिनिट दिले तरी अखंड दहा दिवसांहून अधिक बसावे लागेल, आणि बसणारे सगळे सचिवच असतात. १८८५ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत झाला, त्याखालचे संदेश अडवण्याचे नियम ६ डिसेंबर २०२४ रोजी निघाले, आणि केंद्राच्या समितीचे अध्यक्षपद त्यांतही मंत्रिमंडळ सचिवाकडेच ठेवले आहे.