बुधवारच्या मैफलीचा निरोप

रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’ ही मैफल ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी सुरू झाली. तिला अनुकूल मुहूर्त लाभला तो, गंमत पाहा, एका मराठी मंत्र्यामुळे! नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार केली आणि घरोघरच्या रेडिओचा काटा कोलंबोकडे वळला.

अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करीत; फिती विमानाने सिलोनला जात. सयानींचे कौतुक पुष्कळ झाले, ते रास्तच. पण ह्या मैफलीचे खरे धनी मला श्रोतेच वाटतात. गाण्यांच्या ‘पायदाना’ ठरविताना तबकड्यांच्या खपाबरोबर गावोगावच्या श्रोतासंघांची पसंतीही विचारात घेत. ह्या मंडळींनी एकमेकांचे तोंड क्वचितच पाहिलेले. ओळख काय ती नावागावाची. अभ्रकासाठी प्रसिद्ध असलेले झुमरीतलैया (आज ते झारखंडात आहे) फर्माइशींच्या पत्रांनी इतके गाजले, की पुष्कळांना ते गाव काल्पनिकच वाटे!

१९८९ साली मैफल विविधभारतीवर आली, १९९४ साली थांबली. पुढे थोडा काळ पुन्हा वाजली, पण तोवर घरात दूरदर्शन ठाण मांडून बसले होते. २० फेब्रुवारी २०२४ रोजी सयानी गेले, तेव्हा देशभर हळहळ झाली. श्रोतासंघांना कोणी निरोप दिल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही. तो मी येथे देतो. दिवाळीच्या आवराआवरीत, दर बुधवारी पायदाना टिपलेली एखादी जुनी वही हाती लागली, तर तेवढी रद्दीत घालू नका.